संशयास्पद संकेतस्थळे ओळखण्याच्या जुन्या खुणा आता पुरेशा नाहीत

प्रति,
माननीय संपादक,

सविनय नमस्कार.

संगणकावरील फसवणुकीबद्दल वृत्तपत्रांतून वेळोवेळी जो सल्ला छापून येतो, त्यात दोन वाक्ये हमखास असतात : पत्त्याच्या पट्टीत कुलपाचे चिन्ह आहे का ते पाहा, आणि मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका आहेत का ते पाहा. एके काळी या दोन्ही सूचनांना अर्थ होता. आज मात्र त्या पाळणारा वाचक सावध होण्याऐवजी निर्धास्त होतो, आणि भामट्यांना नेमका तसाच वाचक हवा असतो. आपल्या दैनिकाने हा विषय पुन्हा हाती घ्यावा आणि कालबाह्य सल्ल्याच्या जागी आजच्या घडीला उपयोगी पडेल असे काही छापावे, या हेतूने हे थोडे लांबलेले पत्र लिहीत आहे.

आधी कुलपाविषयी. ते चिन्ह इतकेच सांगते की आपला संगणक आणि समोरचे संकेतस्थळ यांच्यात जी देवाणघेवाण चालली आहे, ती वाटेत तिसऱ्या कोणाला वाचता येणार नाही. संकेतस्थळ चालवणारा प्रामाणिक आहे की लबाड, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. लिफाफा घट्ट चिकटवलेला आहे एवढ्यावरून आतले पत्र खरे ठरत नाही. पूर्वी यासाठी लागणारे प्रमाणपत्र मिळवायला पैसा आणि वेळ खर्चावा लागे, त्यामुळे भुरट्यांची संकेतस्थळे बहुधा कुलपाविना असत, आणि हा सल्ला त्या काळातला आहे. २०१५ च्या अखेरीस ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि तेव्हापासून असे प्रमाणपत्र कोणालाही विनामूल्य आणि काही मिनिटांत मिळू लागले. त्यातून इंटरनेटचे एकंदरीत भलेच झाले. पण जे सगळ्यांना मिळते ते भामट्यालाही मिळते. गुगलने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत सहभागी झालेल्यांपैकी केवळ ११ टक्के लोकांना या चिन्हाचा नेमका अर्थ ठाऊक असल्याचे आढळले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमधून कुलूप काढून त्या जागी सेटिंग्जचे साधे चिन्ह आणण्यात आले. ज्या ब्राउझरने ते चिन्हच मोडीत काढले, त्याच्या वापरकर्त्यांना आपण अजून ‘कुलूप पाहा’ असे सांगत आहोत. उलट बाजूने मात्र ही खूण आजही उपयोगाची आहे : पत्त्यापुढे ‘असुरक्षित’ असा शेरा दिसत असेल, तर त्या पानावर पासवर्ड किंवा कार्डाचा क्रमांक लिहू नये.

शुद्धलेखनाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. खोटे पान बहुतेक वेळा नव्याने लिहिलेले नसतेच, ते खऱ्या पानाची चित्रे, अक्षरे आणि रंग यांसह केलेली हुबेहूब नक्कल असते. त्यातल्या काही लिंक तर मूळ संकेतस्थळावरच जातात. जो मजकूर नव्याने लिहावा लागतो, तो आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने निर्दोष लिहून देतात. तेव्हा पान कसे दिसते यावरून त्याची पारख करण्याचा नाद सोडून द्यावा, हे बरे.

मग पाहायचे काय? पत्ता. आणि तो कसा वाचायचा हे, माझ्या मते, शाळेपासून शिकवले जायला हवे, कारण तो डावीकडून उजवीकडे वाचला तर हमखास फसगत होते. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतर जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तिच्या अलीकडचा भागच संकेतस्थळाचे नाव असतो. तिच्या पलीकडे त्या संकेतस्थळाचा मालक मनाला येईल ते लिहू शकतो. या नावातही उजवीकडून डावीकडे यायचे असते : शेवटचा भाग आणि त्याच्या लगेच आधीचा शब्द, एवढीच मालकाची खरी ओळख. (काही देशांच्या पत्त्यांत ‘को डॉट यूके’ किंवा ‘को डॉट इन’ असा शेवट दोन तुकड्यांचा असतो, तिथे त्याच्या आधीचा शब्द पाहावा.) समजा एखाद्या बँकेचा पत्ता ‘अमुकबँक डॉट कॉम’ असा आहे. ‘खाते डॉट अमुकबँक डॉट कॉम’ हा त्याच बँकेचा पत्ता झाला. ‘अमुकबँक डॉट कॉम डॉट पडताळणी डॉट टॉप’ हा मात्र ‘पडताळणी डॉट टॉप’ नावाच्या कोणा भलत्याच माणसाचा आहे, आणि बँकेचे नाव त्याने केवळ आपल्या डोळ्यांसाठी पुढे आणून ठेवले आहे. ‘अमुकबँक-मदत डॉट कॉम’ या नावात मध्ये छोटी आडवी रेघ आली की तेही पूर्णपणे वेगळे नाव होते, आणि त्याची नोंदणी करण्यासाठी बँकेची परवानगी लागत नाही. पत्त्यात ‘ॲट’चे चिन्ह आले तर त्याच्या आधीचा मजकूर संकेतस्थळाचे नाव म्हणून मोजलाच जात नाही, ही जुनी युक्ती अजूनही अधूनमधून वापरली जाते. मोबाइलवर तर लांब पत्त्याचा शेवट कापला जाऊन फक्त सुरुवातीचा, म्हणजे निरुपयोगी, भाग दिसण्याची शक्यता असते, त्यामुळे पैशाचे व्यवहार शक्यतो संगणकाच्या मोठ्या पडद्यावर करावेत, हे मत थोडे जुन्या वळणाचे वाटले तरी मी ते सोडायला तयार नाही.

इंग्रजीतील आर आणि एन ही छोटी अक्षरे शेजारी आली की एमसारखी दिसतात, आणि एल व एक हा आकडा यांत घोटाळा होतो, हे अनेकांना ठाऊक असते. त्याहून अवघड प्रकार परभाषेतल्या अक्षरांचा. रशियन लिपीत दिसायला इंग्रजी ‘ए’सारखेच असलेले अक्षर आहे, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरे आहेत. एप्रिल २०१७ मध्ये एका संशोधकाने अशा अक्षरांतूनच ‘ॲपल डॉट कॉम’ दिसेल असा पत्ता नोंदवून दाखवला, आणि त्या वेळच्या क्रोम व फायरफॉक्समध्ये तो खऱ्यापासून डोळ्यांनी वेगळा काढणे अशक्य होते. पुढे क्रोमने त्यावर बंदोबस्त केला आणि असा पत्ता आता ‘एक्स एन’ आणि दोन आडव्या रेघा अशा सुरुवातीच्या विचित्र रूपात दाखवला जातो. असे रूप एखाद्या ओळखीच्या संस्थेच्या नावाखाली दिसले तर पान तत्काळ बंद करावे.

इथवर वाचून कोणी म्हणेल की हे सगळे दर वेळी कोण पाहणार. आक्षेप रास्त आहे, आणि त्याहून मोठी अडचण अशी की खऱ्या संस्थाच कधी कधी खोट्यासारखे वागतात. अमेरिकेतील ‘इक्विफॅक्स’ या पतमापन कंपनीकडील १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती चोरीला गेल्याचे सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झाले, तेव्हा कंपनीने आपल्या मुख्य संकेतस्थळाऐवजी ‘इक्विफॅक्स’, ‘सिक्युरिटी’ आणि ‘२०१७’ हे तुकडे जोडून एक नवाच पत्ता घेतला. त्यातला धोका दाखवण्यासाठी एका प्रोग्रामरने पहिल्या दोन शब्दांची अदलाबदल करून नकली संकेतस्थळ उभे केले, आणि कंपनीच्याच अधिकृत ट्विटर खात्यावरून ग्राहकांना त्या नकली पत्त्यावर अनेकदा पाठवले गेले. सुदैवाने नक्कल करणाऱ्याचा हेतू चांगला होता. ज्या संस्थेला स्वतःचा पत्ता ओळखता आला नाही, तिच्या ग्राहकांनी तो दर वेळी अचूक ओळखावा ही अपेक्षा अन्यायाची आहे.

म्हणून डोळ्यांवरचा भार कमी करणाऱ्या सवयी लावून घेणे जास्त महत्त्वाचे. बँक, ईमेल, कर भरण्याचे संकेतस्थळ अशा ठिकाणी कोणत्याही निरोपातल्या लिंकवरून कधीही जायचे नाही. एकदा खात्री करून पत्ता ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये ठेवायचा आणि नेहमी तिथूनच जायचे. शोधयंत्रात नाव टाकून सर्वात वरच्या ओळीवर क्लिक करण्याची सवय विशेष घातक आहे, कारण त्या वरच्या ओळी अनेकदा पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. एखादा लोकप्रिय प्रोग्राम उतरवून घेणाऱ्यांना जाहिरातीतून खोट्या पानावर नेऊन त्याच नावाचा विषारी प्रोग्राम हाती देण्याचे प्रकार इतके वाढले की डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नागरिकांना जाहिरात रोखणारे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, वापरण्याचा सल्ला दिला. पासवर्ड मॅनेजर हे साधनही लोक फक्त पासवर्ड लक्षात ठेवण्याची सोय म्हणून पाहतात, पण त्याचा मोठा गुण वेगळाच आहे : ते पत्ता अक्षरशः अक्षर न् अक्षर ताडून पाहते आणि जुळला तरच पासवर्ड आपणहून भरते. नेहमीच्या पानावर त्याने एकाएकी पासवर्ड भरला नाही, तर चिडून तो हाताने टाइप करू नये. आधी पत्त्याकडे पाहावे. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी आपल्याच फोनवर किंवा संगणकावर बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिन देऊन खाते उघडण्याची सोय, ही त्यापुढची पायरी. मोबाइलवर आलेला ओटीपी खोटे पान आपल्याकडून घेऊन त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर वापरू शकते, पासकी मात्र ज्या पत्त्यासाठी तयार केली त्याखेरीज दुसरीकडे चालतच नाही. ज्या खात्यात ही सोय आहे तिथे ती जरूर घ्यावी.

पत्ता बरोबर असला म्हणजे सगळे झाले, असेही नाही, आणि इथे वृत्तपत्रांचाही संबंध येतो. सप्टेंबर २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संकेतस्थळावर वाचकांना एकाएकी ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ अशी खिडकी दिसू लागली आणि खोटा अँटिव्हायरस विकत घेण्याचा आग्रह होऊ लागला. एका दूरध्वनी कंपनीचे नाव घेऊन भामट्यांनी त्या प्रतिष्ठित दैनिकाकडूनच जाहिरातीची जागा मिळवली होती. आजही बातमीच्या मधोमध हिरव्या रंगाचे मोठे ‘डाउनलोड’ बटण किंवा ‘आपला संगणक मंद झाला आहे’ असा इशारा बातम्यांच्या संकेतस्थळांवर दिसतो. वाचकांना सावधगिरीचे धडे देणाऱ्या लेखाशेजारीच असे बटण दिसावे, हे शोभत नाही.

कोणत्याही संकेतस्थळाविषयी शंका आली की मी एकच प्रश्न विचारावा म्हणेन : हे पान मला काय करायला सांगत आहे? गेल्या काही वर्षांत पसरलेला एक प्रकार असा आहे की ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असे म्हणून पान विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबायला, मग कंट्रोल आणि व्ही, आणि शेवटी एंटर दाबायला सांगते. या तीन पायऱ्यांत आपण स्वतःच्या हाताने भामट्याची आज्ञा संगणकाला देत असतो, कारण त्या पानाने ती आज्ञा आपल्या नकळत आधीच कॉपी करून ठेवलेली असते. खरी पडताळणी ब्राउझरच्या बाहेर जाऊन कळा दाबायला कधीच सांगत नाही. ‘पुढे जाण्यासाठी नोटिफिकेशनला परवानगी द्या’ हाही सापळाच; ती परवानगी मिळाली की पान बंद केल्यावरही पडद्याच्या कोपऱ्यात खोटे इशारे येत राहतात, आणि लोकांना वाटते संगणकात विषाणू शिरला, प्रत्यक्षात ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती एक परवानगी काढून टाकली की पुरते. फ्लॅश प्लेयर अपडेट करा असे सांगणारे पान तर शंभर टक्के खोटे, कारण ॲडोबीने त्या प्रोग्रामचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० रोजीच थांबवला. पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजवणारे आणि ‘या क्रमांकावर फोन करा’ असे सांगणारे पान दिसले तर घाबरू नये : एस्केपची कळ काही क्षण दाबून धरावी, तेवढ्याने भागले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तिथून ब्राउझर बंद करावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर दिलेला नसतो. आणि फोनवरच्या अनोळखी माणसाने संगणक दुरून चालवण्याचा प्रोग्राम बसवायला सांगितला, तर संभाषण तिथेच संपवावे, तो कितीही सौजन्याने बोलत असला तरी.

आता घरच्या संगणकाविषयी. एवढी काळजी घेऊनही घरातला कोणी तरी कधी तरी चुकीच्या ठिकाणी क्लिक करणारच, हे गृहीत धरून संगणकाची मांडणी करावी लागते. त्यात पहिला मान अपडेटचा. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने सुमारे १५० देशांत दोन लाखांहून अधिक संगणकांच्या फाइली कुलूपबंद केल्या आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिलेले होते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. नोंदणी करणाऱ्यांना मर्यादित काळापुरती वाढीव सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय कंपनीने ठेवली, पण ती नोंदणी न करता तसाच चालू ठेवलेला संगणक दिसायला ठणठणीत असला तरी त्यात यापुढे सापडणारी प्रत्येक त्रुटी उघडीच राहणार आहे.

दुसरी गोष्ट जवळजवळ कोणीच करत नाही, आणि खर्च शून्य आहे. नवा विंडोज संगणक सुरू करताना जे पहिले खाते तयार होते, त्याला प्रशासकाचे सर्व अधिकार असतात, आणि घरातली सगळी माणसे तेच खाते वर्षानुवर्षे वापरतात. त्याऐवजी रोजच्या वापरासाठी साधे खाते तयार करावे आणि प्रशासकाचे खाते फक्त नवा प्रोग्राम बसवताना पासवर्ड देऊन वापरावे. म्हणजे एखादा घातक प्रोग्राम शिरलाच तरी संपूर्ण संगणकावर ताबा मिळवणे त्याला अवघड जाते, आणि मुलांनी एखादा खेळ उतरवताना पासवर्डची खिडकी उघडली की मोठ्यांना निदान विचार करायला एक क्षण मिळतो.

विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरगुती वापरासाठी पुरेसा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या जोडीला दुसरा अँटिव्हायरस बसवून दोघांना भांडायला लावण्यात अर्थ नाही. फुकटात मिळणारी चोरीच्या प्रोग्रामांची ‘क्रॅक’ फाइल मात्र कोणत्याही अँटिव्हायरसला हरवते, कारण ती बसवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करा, असे तिच्यासोबतच्या सूचनेतच लिहिलेले असते आणि लोक तो आनंदाने बंद करतात. ब्राउझरमधली न वापरलेली एक्स्टेंशन काढून टाकावीत. फाइलच्या नावाचा शेवट विंडोज आपणहून लपवते, ती सेटिंग बदलून घ्यावी; मे २००० मधल्या ‘आय लव्ह यू’ विषाणूची फाइल ‘टीएक्सटी’ने संपणारी साधी चिठ्ठी वाटत होती ती याच लपवाछपवीमुळे, खरा शेवट ‘व्हीबीएस’ असा होता. राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा, हे सर्वांना माहीत आहे आणि तरी होत नाही.

राहता राहिला बॅकअप. फोटो आणि कागदपत्रे यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर असावी आणि काम झाल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, कारण खंडणीखोर प्रोग्राम जोडलेल्या सगळ्या डिस्कवरील फाइलीही निकामी करतो. क्लाउडवर आपोआप जुळणाऱ्या फाइली म्हणजे बॅकअप, असा समज आहे. पण इथे बिघडलेली फाइल तिथेही बिघडलेलीच पोचते. त्यामुळे त्या सेवेत जुन्या आवृत्त्या किती दिवस जपल्या जातात ते आधीच पाहून ठेवावे.

आणि चूक घडलीच, तर काय करायचे याविषयी वृत्तपत्रांतून फारच कमी लिहिले जाते. संगणक ताबडतोब इंटरनेटपासून तोडावा आणि सर्व महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून बदलावेत. त्याच संगणकावरून बदलले तर नवे पासवर्डही चोराच्या हाती जातात. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण इतर खात्यांचे पासवर्ड तिथूनच नव्याने मिळवता येतात. एवढ्यावर थांबू नये. आजचे माहितीचोर प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेल्या कुकी, म्हणजे आपण खात्यात शिरलेलो आहोत हे संकेतस्थळाला सांगणाऱ्या छोट्या नोंदीही उचलतात, आणि त्यांच्या जोरावर पासवर्ड न देताही आपल्या खात्यात शिरता येते. म्हणून प्रत्येक खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा. पैशाची माहिती दिली गेली असेल तर बँकेला कळवण्यात क्षणाचाही विलंब करू नये, आणि बँकेचा फोन क्रमांक फसव्या पानावरून किंवा शोधयंत्रातून न घेता कार्डाच्या मागे छापलेला पाहून घ्यावा.

आपल्या दैनिकाकडून माझ्या मागण्या तीनच आहेत. तंत्रज्ञानविषयक सदरातून कुलपाचा सल्ला कायमचा वगळावा. परीक्षेचा निकाल, एखादी सरकारी योजना किंवा अर्जाची मुदत यांची बातमी देताना ‘अधिकृत संकेतस्थळावर पाहा’ एवढेच न लिहिता त्या संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता तपासून छापावा, कारण बातमी वाचून शोधयंत्राकडे धावणाऱ्या वाचकांचीच खोटी संकेतस्थळे वाट पाहत असतात. आणि आपल्या ई-आवृत्तीतील प्रत्येक जाहिरातीखाली ‘ही जाहिरात फसवी वाटते’ असे कळवण्याची सोय ठेवून, आलेल्या तक्रारींवर काय कारवाई झाली ते दर महिन्याला वाचकांना सांगावे.

कळावे,

आपला नियमित वाचक